बेळगावात न मावलेला कारखाना

किर्लोस्करवाडी म्हटलं की सांगली जिल्हा आठवतो. पण या वाडीची गोष्ट सुरू होते आपल्या बेळगावात, एका सायकलच्या दुकानातून.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकापेक्षा चित्रात आणि यंत्रात जीव जास्त. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंगांतला फरक डोळ्यांना कळत नाही असं लक्षात आलं आणि तो रस्ता बंद झाला. मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची ड्रॉइंग्ज शिकले आणि तिथंच शिकवायलाही लागले. बढतीची वेळ आली तेव्हा यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला वर घेतलं. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि गाव गाठलं.

बेळगावात थोरले बंधू रामचंद्रराव म्हणजे रामुअण्णा होतेच. दोघा भावांचं सायकलचं दुकान होतं आणि किर्लोस्कर मंडळी आपला आरंभ 1888 पासूनच धरतात. तेव्हा सायकल ही साहेबाची आणि सरकारी अंमलदाराची चैन. अशा गिऱ्हाइकावर दुकान चालतं, कारखाना नाही. बैलाच्या जिवावर जगणाऱ्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल असं काही करावं, म्हणून लक्ष्मणराव आधी कडबा कापायच्या यंत्राकडे वळले आणि मग लोखंडी नांगराकडे.

खरी परीक्षा नांगरानं घेतली. वस्तू चांगली होती. लाकडी नांगर वरवर खरवडतो, लोखंडी फाळ खोल जातो, हराळीची मुळं वर काढतो. पण लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली! ही दोन वर्षं वाचताना सहज निघून जातात, पण छोटा कारखाना चालवणाऱ्याला विचारा. कच्चं लोखंड आणलेलं, कोळशाचे पैसे दिलेले, कामगाराचा पगार द्यायचाच आणि तयार माल कोपऱ्यात गंजतोय. शेतकऱ्यानं घ्यायचं ठरवलं तरी त्याच्या हातात पैसा येणार सुगीनंतर. म्हणजे घालायचं आज आणि मिळायचं पुढच्या वर्षी, तेही पाऊस झाला तर. नवा उद्योग बहुतेक वेळा इथंच बुडतो. माल वाईट असतो म्हणून नाही, थांबायला पैसा नसतो म्हणून.

नांगर कसाबसा मार्गी लागतोय तोवर दुसरं संकट आलं. शहराची वाढ ठळकवाडी-टिळकवाडीच्या अंगाला व्हायची होती आणि नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला सांगितली. भट्टी ही काही ट्रंक नव्हे, उचलली आणि दुसऱ्या खोलीत ठेवली असं होत नाही. भट्टीला जागा लागते, रेल्वे जवळ लागते. जानेवारी 1910 मध्ये लक्ष्मणराव अक्षरशः जागा शोधत फिरत होते.

मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. छोटं संस्थान, खजिना बेताचा. तरी त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. जमीन कसली, माळरान! निवडुंग, साप आणि पाण्याची ओरड. पण आगगाडी दारात होती आणि उठवायला येणारं कुणी नव्हतं. 10 मार्च 1910 ला कारखाना तिथं गेला. काही कामगार बायकापोरांसह बेळगाव सोडून सोबत गेले. रामुअण्णांनी गाव वसवायचं अंगावर घेतलं, शंभुराव जांभेकरांनी यंत्रं सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब. वाडीत शिवाशिव चालायची नाही हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा झालेल्या कैद्यांना संस्थानाकडून सोडवून त्यांनी रात्रीच्या राखणीवर ठेवलं, हेही त्यांचंच धाडस.

1914 ला महायुद्ध लागलं आणि विलायती नांगर येईनासे झाले. गिऱ्हाईक आपोआप वाडीकडे वळलं, पण लोखंड आणि कोळसा मिळवताना नाकी नऊ आले. 1920 मध्ये घरच्या धंद्याची लिमिटेड कंपनी झाली आणि भांडवल गोळा करायला राजावर विसंबायची गरज उरली नाही. पुढं मंदी आली, नांगराला उठाव राहिला नाही, तेव्हा वाडीनं लोखंडी फर्निचरही केलं. भट्टी विझू द्यायची नाही एवढंच.

शेताला पाणी हा प्रश्न मात्र नांगरानं सुटणारा नव्हता. मोट ओढून बैल थकतो आणि विहीर खोल गेली की तोही उपाय संपतो. म्हणून वाडीत पंप आले. पण पंप फिरवायचा कशावर? खेड्यात वीज नाही. अमेरिकेत एमआयटीला शिकून 1926 मध्ये परतलेले चिरंजीव शंतनुराव आणि पुढची पिढी यांनी हा धागा पुढं नेला. 1941 मध्ये हरिहरला लेथचा कारखाना, 1946 मध्ये बंगळूरला विजेच्या मोटारी आणि त्याच वर्षी पुण्यात ऑइल इंजिनं. वीज पोचली नव्हती त्या शिवारात डिझेल इंजिनानं पाणी उपसलं. आजही आपल्याकडे कुणी विहिरीवर मोटर बसवली की कंपनी कुठलीही असो, म्हातारी माणसं किर्लोस्कर बसवलाय म्हणतात.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला पुण्यात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यं नव्यानं आखली गेली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि किर्लोस्करवाडी मुंबई राज्यात राहिली. बेळगावात आज उद्यमबागेत फौंड्र्या धडधडतात, ओतकामासाठी शहराचं नाव आहे. तिथले छोटे कारखानदार अजून त्याच तीन गोष्टींचं गाऱ्हाणं सांगतात: जागा, वीज आणि वेळेवर न येणारी उधारी.