दिव्यातील भेसळ आणि लँगम्यूर

विजेच्या दिव्याची काच आतून काळी का पडते, या अगदी घरगुती प्रश्नाने एका थोर शास्त्रज्ञाच्या कार्याला दिशा दिली. १९०९ साली आयर्विंग लँगम्यूर होबोकेन येथील अध्यापकाची नोकरी सोडून स्कनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक संशोधनशाळेत आले. त्या काळिम्याचे खापर तेव्हा दिव्यात उरलेल्या हवेवर फोडले जाई आणि निर्वात अधिक चांगला करावा, एवढाच उपाय सुचे. अठ्ठावीस वर्षांच्या लँगम्यूर यांनी उलट वाट धरली. एकेक वायू मुद्दाम आत सोडून ते परिणाम पाहत बसले. आपण कंपनीचे वेतन फुकट तर खात नाही ना, ही रुखरुख त्यांना लागली होती. संचालक विलिस व्हिटनी यांनी मात्र फायद्याचा हिशेब मागितला नाही. असे वरिष्ठ फार थोड्यांच्या वाट्याला येतात!

काळिमा तापलेल्या टंग्स्टनच्या बाष्पीभवनाने येतो, हे अखेर सिद्ध झाले. पाण्याच्या वाफेचा लेश तेवढा खरा अपराधी निघाला. तप्त तंतूशी तिचा संयोग होऊन टंग्स्टनचे ऑक्साइड काचेवर बसते. सुटा झालेला हायड्रोजन त्याचा पुन्हा धातू करतो आणि वाफ नव्याने तयार होते. स्वतः न खर्चता ती तंतू कुरतडीत राहते.

१९१३ च्या सुमारास नायट्रोजन भरलेला दिवा सिद्ध झाला. पुढे उष्णता कमी वाहून नेणारा अरगॉन आला. परंतु त्यात विद्युत्‌ज्योत सहज पेटते, म्हणून थोडा नायट्रोजन ठेवावाच लागला. अरगॉनच्या एकट्या अणूवर आदळणारा इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा बहुतांशी राखून असतो. ती साठत जाऊन अखेर अणूचे आयनीभवन होते. नायट्रोजनचा द्व्यणू रेणू मात्र कंपन पावून ती ऊर्जा वाटेतच गिळतो. आजच्या संगणकीय प्रतिकृती हीच देवघेव मांडतात: कोणत्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन किती, आणि कोणता रेणू किती वेगाने तुटतो.

हे गणित प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याचे साधनही लँगम्यूर यांचेच. विसर्जनात बारीक धातूची तार घालून, तिचे विद्युत्‌दाब बदलीत प्रवाह मोजला की इलेक्ट्रॉनांचे तापमान व घनता कळते. अशा आयनित वायूला प्लाझ्मा हे नाव त्यांनी १९२८ मध्ये दिले. १९३२ चे नोबेल पारितोषिक मात्र पृष्ठरसायनासाठी मिळाले. उतारवयात कृत्रिम पावसाविषयी त्यांनी पुराव्यापलीकडचे दावे केले, हेही नोंदविले पाहिजे. १६ ऑगस्ट १९५७ रोजी वुड्स होल येथे त्यांचे निधन झाले. प्लाझ्माच्या प्रयोगशाळांत त्यांची ती तार अजून वापरात आहे.