कुर्ट लांडाउअर

कुर्ट लांडाउअर (जन्म : २८ जुलै १८८४, प्लानेग, बव्हेरिया, मृत्यू : २१ डिसेंबर १९६१, म्युनिक) हे जर्मन फुटबॉल संघटक आणि बायर्न म्युनिक या क्लबचे अध्यक्ष होते. १९१३ ते १९५१ या काळात त्यांनी चार वेळा हे पद भूषविले. त्यांच्याच कारकिर्दीत क्लबने १९३२ मध्ये आपले पहिले जर्मन अजिंक्यपद मिळविले. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना पद, नोकरी आणि अखेरीस देशही सोडावा लागला.

प्रारंभिक जीवन

म्युनिकजवळील प्लानेग येथील एका ज्यू व्यापारी कुटुंबात लांडाउअर यांचा जन्म झाला. बायर्न म्युनिकची स्थापना २७ फेब्रुवारी १९०० रोजी झाली होती. पुढच्याच वर्षी सतरा वर्षांचे लांडाउअर क्लबचे सभासद झाले व दुसऱ्या संघात गोलरक्षक म्हणून खेळू लागले. बँकेच्या कामाचे शिक्षण घेण्यासाठी ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे गेले आणि काही वर्षांनी परतले. खेळाडू म्हणून त्यांनी फारसे नाव कमावले नाही. त्यांचे खरे कर्तृत्व मैदानाबाहेरचे आहे.

अध्यक्षपद

१९१३ मध्ये ते प्रथम अध्यक्ष झाले. पुढल्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्यांनी जर्मन सैन्यातून आघाडीवर लढाई केली. युद्धानंतर १९१९ मध्ये त्यांची पुन्हा निवड झाली. १९२१-२२ मधील अल्प खंड वगळता ते १९३३ पर्यंत अध्यक्ष होते.

त्या काळी जर्मन फुटबॉल संघटनेचा कल हौशी खेळाकडे होता आणि व्यावसायिक संघांशी संबंध ठेवणे तिला पसंत नव्हते. लांडाउअर यांचा विचार वेगळा होता. बलाढ्य परदेशी संघांशी खेळल्याखेरीज आपले खेळाडू सुधारणार नाहीत, असे मानून त्यांनी हंगेरी, अर्जेंटिना अशा देशांतील नामांकित संघांना म्युनिकमध्ये बोलावले. स्वतःचे स्टेडियम बांधण्यात पैसा गुंतविण्याऐवजी तो संघावर खर्च करावा, असा त्यांचा आग्रह असे. त्यामुळे बायर्नचा संघ प्रतिस्पर्धी १८६० म्युनिकच्या मालकीच्या ग्रुनवाल्डर श्ट्रासे येथील मैदानावर सामने खेळत असे. या धोरणाची फळे लवकरच दिसू लागली : १९२६ आणि १९२८ मध्ये क्लबने दक्षिण जर्मनीचे अजिंक्यपद जिंकले.

१२ जून १९३२ रोजी न्यूर्नबर्ग येथे झालेल्या अंतिम सामन्यात बायर्नने आइनट्राख्ट फ्रांकफुर्टचा २-० असा पराभव केला. ओस्कार रोर आणि फ्रांझ क्रुम यांनी गोल केले. कोनराड हाइडकाम्प कर्णधार होते. प्रशिक्षक रिचर्ड कोन, ऊर्फ डोंबी, हे ऑस्ट्रियन ज्यू होते. संघाचे अध्यक्ष व प्रशिक्षक दोघेही ज्यू असताना मिळालेल्या या विजयाला एक वर्षही लोटले नाही, तोच हिटलर सत्तेवर आला.

छळ व देशत्याग

२२ मार्च १९३३ रोजी लांडाउअर यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. ज्यू सभासदांना क्लबांमधून दूर करण्यास तयार असल्याचे निवेदन दक्षिण जर्मनीतील प्रमुख क्लबांनी ९ एप्रिल रोजी काढले, आणि त्यावर बायर्नचेही नाव होते. वृत्तपत्राच्या जाहिरात विभागातील नोकरीही लांडाउअर यांनी गमावली. १९३५ मध्ये क्लबने आपल्या नियमावलीत ज्यूंना वगळणारे कलम घातले.

नोव्हेंबर १९३८ मधील ज्यूविरोधी हिंसाचारानंतर त्यांना अटक करून दाखाउ येथील छळछावणीत ठेवण्यात आले. महायुद्धात आघाडीवर लढलेले सैनिक म्हणून सुमारे एका महिन्याने त्यांची सुटका झाली. मे १९३९ मध्ये ते जिनेव्हाला गेले. त्यांच्या चार भावंडांची नाझींनी हत्या केली.

युद्धकाळात बायर्नचा संघ सामन्यासाठी जिनेव्हाला गेला असता खेळाडूंनी प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या जुन्या अध्यक्षांना अभिवादन केले, अशी हकिकत सांगितली जाते. क्लबच्या निष्ठेचा पुरावा म्हणून ती अनेकदा पुढे केली जाते. खेळाडूंचा जिव्हाळा खरा मानला, तरी त्यामुळे १९३३ चे निवेदन आणि १९३५ चे कलम पुसले जात नाही. क्लब म्हणून बायर्न इतरांप्रमाणेच राजवटीबरोबर गेला होता.

पुनरागमन

जून १९४७ मध्ये लांडाउअर म्युनिकला परतले. हा निर्णय सहज समजण्यासारखा नाही. ज्या शहरातून त्यांना घालविले गेले ते आता उद्ध्वस्त झाले होते आणि कुटुंबातील बहुतेक जण उरले नव्हते. त्याच वर्षी सभासदांनी त्यांना चौथ्यांदा अध्यक्ष निवडले. नाझींनी छळलेली व्यक्ती म्हणून अमेरिकन लष्करी प्रशासनाकडे त्यांच्या शब्दाला वजन होते व क्लबची घडी पुन्हा बसविताना त्याचा उपयोग झाला. आज क्लबचे मुख्यालय असलेल्या झेबेनर श्ट्रासे येथे सरावाची जागा त्यांच्याच कार्यकाळात मिळाली. १९५१ च्या निवडणुकीत मात्र त्यांचा पराभव झाला.

कुटुंबाच्या घरी पूर्वी घरकाम पाहणाऱ्या मारिया बाउमान यांच्याशी त्यांचे दीर्घकाळ प्रेमसंबंध होते. त्या ज्यू नसल्याने न्यूर्नबर्ग कायद्यांखाली हा विवाह अशक्य होता; तो १९५५ मध्ये झाला. २१ डिसेंबर १९६१ रोजी लांडाउअर यांचे म्युनिक येथे निधन झाले.

विस्मरण आणि स्मृती

मृत्यूनंतर अनेक दशके क्लबमध्ये त्यांचे नाव क्वचितच घेतले जाई. त्यांची स्मृती जागविली ती प्रामुख्याने शिकेरिया या समर्थक गटाने. या गटाने त्यांच्या नावाने फुटबॉल स्पर्धा सुरू केली आणि सामन्यांच्या वेळी प्रेक्षागारात त्यांची भव्य चित्रे झळकविली. त्याबद्दल २०१४ मध्ये जर्मन फुटबॉल संघटनेने गटाला युलियुस हिर्श पुरस्कार दिला. क्लबने २०१३ मध्ये लांडाउअर यांना मरणोत्तर मानद अध्यक्षपद दिले. २०१४ मध्ये त्यांच्या जीवनावरील दूरचित्रवाणीपट प्रदर्शित झाला. त्यात योझेफ बियरबिखलर यांनी लांडाउअर यांची भूमिका केली. २०१५ मध्ये आलियान्झ अरेना स्टेडियमसमोरील चौकाला त्यांचे नाव देण्यात आले आणि २०१९ मध्ये झेबेनर श्ट्रासे येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.