सोन्याची तार, हाडाचा दात आणि कुर्तुब्याचा जर्राह

मूलच्या आठवडी बाजारात आमच्या लहानपणी एक दातवाला बसायचा. जमिनीवर कापड, त्यावर पकडी, लवंगेच्या तेलाची बाटली आणि काढलेल्या दातांचा ढीग. तो ढीग हीच त्याची पाटी. एकदा आमच्या दादाजानची दाढ ठणकत होती, म्हणून ते त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्याने झटक्यात दाढ काढून हातावर ठेवली. रात्री ठणका तसाच. गेली ती शेजारची चांगली दाढ, दुखणारी जागेवरच. पुढची सगळी वर्षं दादाजान एकाच बाजूने चावून जेवले.

ही चूक किती जुनी आहे, ते आम्हाला अबुल कासिम अल-झहरावी यांच्याविषयी वाचताना कळलं. हजार वर्षांपूर्वी त्यांनी नेमकं याबद्दलच बजावून ठेवलं होतं.

अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-झहरावी यांचा जन्म इ.स. ९३६ च्या सुमारास अंदलुसमध्ये, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये झाला. खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी कुर्तुब्याजवळ मदीनतुज्झहरा हे नवं राजनगर उभारलं, त्यावरूनच त्यांना झहरावी म्हणतात. घराणं मदिनेच्या अन्सारांशी नातं सांगणारं. खलिफा अल-हकम दुसरे यांच्या काळात ते दरबारी हकीम होते. हे खलिफा म्हणजे पुस्तकांचे वेडे, त्यांच्या ग्रंथालयाची कीर्ती दूरवर होती. झहरावींच्या घरगुती आयुष्याबद्दल फार काही नोंदलेलं नाही. माणूस दिसतो तो त्यांच्या पुस्तकात.

त्या पुस्तकाचं नाव ‘किताब अत्-तसरीफ’. तीस भाग, सुमारे पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर इ.स. १००० च्या आसपास पूर्ण झालेलं. तिसावा भाग जर्राहीचा, म्हणजे शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रं आहेत. ही विद्या आपल्या मुलुखात जवळजवळ संपली, याचं त्यांना दुःख होतं. शरीराची रचना न शिकता लोक सुरी हातात घेतात आणि रोगी मरतो, असे डोळ्यांदेखतचे प्रसंग त्यांनी लिहून ठेवले. एका मुलीने स्वतःचा गळा कापून घेतला होता. त्यांनी जखम शिवली, ती वाचली, आवाज थोडा घोगरा राहिला. हेही पुस्तकात आहे. आपली फजिती झालेल्या गोष्टीही त्यांनी लपवल्या नाहीत, आणि आम्हाला शिक्षक म्हणून तेच जास्त भावतं.

आता दातांचं. दात काढण्याची घाई करू नका, आधी सगळे उपाय करून बघा, कारण गेलेल्या दाताची बरोबरी कशानेच होत नाही, असं त्यांचं मत. काढायचाच असेल तर दुखणारा दात कोणता, याची पक्की खात्री करा. ठणका रोग्याला फसवतो, तो भलत्याच दाताकडे बोट दाखवतो. मग हिरडी सभोवार सोडवायची, दात हळूहळू हलवून सैल करायचा आणि सरळ वर ओढायचा. दात किडून पोकळ असेल तर आधी पोकळीत कापड दाबून भरायचं, म्हणजे पकडीखाली तो फुटणार नाही. दात मोडून मुळं आत ठेवणाऱ्या न्हाव्यांवर ते चांगलेच उखडलेले दिसतात. दातांवरचा कडक थर खरवडायला त्यांनी चौदा तऱ्हेची हत्यारं चितारली आहेत. आज दवाखान्यात ज्याला क्लीनिंग म्हणतात, तेच हे काम.

हलणारे दात ते सोन्याच्या तारेने शेजारच्या घट्ट दातांना बांधत. चांदी नको, कारण ती काही दिवसांत खराब होते, सोनं तसंच राहतं. पडलेला दात पुन्हा त्याच जागी बसवून बांधता येतो, नाहीतर बैलाचं हाड कोरून दात घडवावा आणि तसाच बांधावा, हेही त्यांनी लिहिलं.

इथे सोन्यावरून घरात प्रश्न निघतोच. सहाबी अरफजा इब्न असअद (रजि.) यांचं नाक एका लढाईत गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक लावलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोन्याचं लावायला सांगितलं. पुढे दाताच्या बाबतीत इमाम अबू हनीफा चांदीवर थांबले, इमाम मुहम्मद यांनी सोन्यालाही परवानगी दिली. कारण बघा, चांदी टिकत नाही, जे झहरावींनी हकीम म्हणून सांगितलं तेच.

व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र फिरतं की डेंटल इम्प्लांट झहरावींनीच शोधला. तसं नाही. त्यांचा हाडाचा दात शेजाऱ्यांना बांधलेला असे, जबड्यात रुजलेला नव्हे. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम काढता येईना, हाड त्याला चिकटून वाढलं होतं. त्यावरून १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यावर दात लावले. जबडा झिजलेला असेल तर आज तिथे प्रक्रिया केलेल्या जनावराच्या हाडाची भुकटीही भरतात. एवढं साम्य म्हणा हवं तर. खोट्या मोठेपणाची झहरावींना गरज नाही.

आमचे अब्बा गेल्या वर्षी असेच तीन दात बसवायला गेले. डॉक्टरांनी एकेक दात ठोकून बघितला, फोटो काढला आणि पहिला सवाल खर्र्याचा केला. तंबाखूने हिरड्या जातात, जखम नीट भरत नाही आणि बसवलेला स्क्रूही सुटू शकतो. अब्बांनी घरी येऊन खिशातली पन्नी अम्मीकडे दिली. दुसऱ्या दिवशी परत मागितली, तो भाग वेगळा. अम्मीने दिली नाही.

झहरावींचे अखेरचे दिवस वाईट काळात गेले. अंदलुसमध्ये यादवी पेटली, इ.स. १०१० च्या सुमारास मदीनतुज्झहरा लुटून उद्ध्वस्त झालं. १०१३ च्या आसपास ते वारले. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने तुलैतुला शहरात जर्राहीचा भाग लॅटिनमध्ये आणला आणि युरोपचे शल्यवैद्य काही शतकं तो वाचत राहिले, ‘अल्बुकासिस’ या नावाने. आपल्याकडे पाटण्याच्या खुदाबख्श लायब्ररीत या पुस्तकाची इ.स. ११८८ ची हस्तलिखित प्रत जपलेली आहे, हत्यारांच्या चित्रांसह.