खुर्ची गेल्यावर आठवलेले गुलाम

अमेरिकेत निवडणूक हरलेला राष्ट्राध्यक्ष पुन्हा त्याच खुर्चीवर बसल्याची उदाहरणे दोनच आहेत. ग्रोव्हर क्लीव्हलँड १८८८ साली हरले आणि १८९२ साली परत आले. डोनाल्ड ट्रम्प २०२० साली हरले आणि २०२४ साली परत आले. जिंकलेल्यांची चर्चा सगळेच करतात. आम्हाला आज परत येऊ न शकलेल्या एकाची कहाणी सांगायची आहे, कारण चळवळीच्या कार्यकर्त्यांसाठी तिच्यात मोठा धडा आहे. ते म्हणजे मार्टिन व्हॅन ब्युरेन.

व्हॅन ब्युरेन यांचा जन्म ५ डिसेंबर १७८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील किंडरहूक गावी झाला. घरात डच भाषा बोलली जाई. वडील खानावळ चालवीत आणि त्यांच्या पदरी गुलामही होते. व्हॅन ब्युरेन कॉलेजात गेले नाहीत. वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करून ते वकील झाले, राजकारणात शिरले, डेमोक्रॅटिक पक्षाची बांधणी केली आणि १८३६ साली निवडून येऊन देशाचे आठवे राष्ट्राध्यक्ष झाले.

सत्ता हाती असताना त्यांनी काय केले? राजधानीतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा झालाच तर तो आपण रोखू, असे त्यांनी पदग्रहणाच्या भाषणातच जाहीर केले. १८३८ साली चेरोकी आदिवासींना लष्कराच्या बळावर त्यांच्या भूमीतून हुसकावण्यात आले, त्यात हजारो माणसे मेली. १८३९ साली ‘आमिस्ताद’ जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांनी बंड केले. खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तर सरकार त्याविरुद्ध अपिलात गेले. त्या बंदिवानांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडायला उभे राहिले जॉन क्विन्सी ॲडम्स. तेही माजी राष्ट्राध्यक्षच, १८२८ साली निवडणूक हरलेले! पण त्यांनी गेलेल्या खुर्चीमागे न धावता लोकप्रतिनिधी म्हणून सभागृहात गुलामगिरीशी झुंज घेतली. १८४१ साली बंदिवान सुटले.

त्याआधीच, १८४० साली, १८३७ च्या आर्थिक मंदीने गांजलेल्या मतदारांनी व्हॅन ब्युरेन यांना घरी बसवले होते. १८४४ साली त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. टेक्सास देशात सामील करून घेतल्यास गुलामगिरीचा मुलूख वाढणार होता. व्हॅन ब्युरेन यांनी त्याला विरोध केला. याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण दक्षिणेतील गुलाममालक बिथरले. बाल्टिमोरच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत त्यांना २६६ पैकी १४६ मते मिळाली. बहुमत होते, पण नियम दोन तृतीयांशांचा होता. उमेदवारी जेम्स पोक यांना गेली.

आपणच उभारलेल्या पक्षाने झिडकारलेला हा नेता १८४८ साली बफेलो शहरात नव्या ‘फ्री सॉइल’ पक्षाचा उमेदवार झाला. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी सोबतीला होते जॉन क्विन्सी ॲडम्स यांचे पुत्र चार्ल्स फ्रान्सिस. गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस त्या अधिवेशनाला हजर होते. मात्र पक्षाची मागणी एवढीच होती की नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको. जुन्या राज्यांतील गुलामांच्या बेड्या तशाच राहणार होत्या. आधीच्या लिबर्टी पक्षाने केलेली काळ्यांच्या समान हक्कांची मागणीही जाहीरनाम्यातून गळाली. मोठे नाव मिळाले, पण त्याची किंमत ज्यांच्यासाठी लढा होता त्यांनी मोजली.

निकाल लागला. सुमारे दहा टक्के मते मिळाली, पण एकही राज्य हाती आले नाही. चारच वर्षांनी, १८५२ साली, व्हॅन ब्युरेन पुन्हा जुन्या पक्षाच्या उमेदवारामागे उभे राहिले. पळालेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करणारा १८५० चा कायदा त्याच पक्षाने उचलून धरला होता.

व्हॅन ब्युरेन परत गेले, कार्यकर्ते मात्र गेले नाहीत. त्यांच्यातले अनेकजण १८५४ साली रिपब्लिकन पक्षाच्या उभारणीत उतरले आणि १८६० साली लिंकन निवडून आले. व्हॅन ब्युरेन २४ जुलै १८६२ रोजी किंडरहूकलाच वारले. त्यानंतर दोनच महिन्यांनी लिंकन यांनी गुलाममुक्तीची प्राथमिक घोषणा केली.

सत्तेबाहेर फेकलेले नेते आपल्याही दारात येतात. त्यांना येऊ द्यावे, त्यांच्या नावाने मते मिळत असतील तर तीही घ्यावीत. पण येताना ते आपल्या जाहीरनाम्यातील कोणते कलम खोडायला सांगतात, ते बघावे. आणि खुर्ची असताना ते कोणाच्या बाजूने न्यायालयात उभे होते, हेही विचारावे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जन लोकांना, कोणा राष्ट्राध्यक्षाला नव्हे. श्रेय कोणाचे, हे तात्यासाहेबांना पक्के ठाऊक होते. ते आपणही विसरू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.