खुश्रू परवीज

इराणच्या सासानी घराण्यांतील दुसरा खुश्रू, ज्यास लोक परवीज म्हणत, हा न्यायाबद्दल प्रसिद्ध असलेल्या नौशेरवानाचा नातू होय. इ. स. ५९० मध्यें बहराम चोबीन नांवाच्या सेनापतीनें बंड केलें. त्या धामधुमींत दरबारी सरदारांनीं खुश्रूचा बाप होर्मुझ्द ह्यास पदच्युत करून त्याचे डोळे फोडले, आणि थोड्याच दिवसांत त्याचा वध झाला. तरुण खुश्रू गादीवर बसला खरा. परंतु बहरामापुढें त्याचा टिकाव लागेना. राजधानी तेसिफोन सोडून तो फरात नदीच्या बाजूनें पळाला, आणि आश्रयास गेला तो पिढ्यानपिढ्यांचे वैरी जे रोमी लोक त्यांच्याच मुलखांत.

त्या वेळीं रोमी बादशहा मॉरिस हा कॉन्स्टँटिनोपल येथें राज्य करीत असे. शत्रु आपसांत लढून क्षीण होत आहे तर होऊं द्यावा, असा सल्ला त्यास मिळाला. तो त्यानें मानला नाहीं. त्यानें फौज दिली, द्रव्य दिलें, आणि ५९१ मध्यें बहरामाचा मोड होऊन खुश्रू पुन्हां सिंहासनावर बसला. मोबदला म्हणून दारा हें तटबंदीचें शहर व आर्मेनियाचा मोठा भाग रोमी लोकांस मिळाला. पुढें सुमारें अकरा वर्षें दोन्ही राज्यांत शांतता नांदली.

खुश्रू स्वतः जरथुष्ट्री धर्माचा. परंतु त्याची आवडती राणी शिरीन ख्रिस्ती होती. सीरियांत रुसाफा येथें हुतात्मा सर्जियस ह्याच्या नांवाचें मंदिर होतें, त्यास त्यानें मौल्यवान् देणग्या पाठविल्या. खजिन्याचा मोठा अधिकारी यझ्दीन हाहि ख्रिस्तीच. तथापि हा स्नेह किती खोल होता हें सांगणें कठीण. कारण पुढें इराणांतील मंडळीचा मुख्य धर्माध्यक्ष मरण पावल्यावर, दुसरा निवडण्यास त्यानें सुमारें वीस वर्षें परवानगी दिली नाहीं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत परदेशीय मंडळींचें जें चित्र आहे, तें ह्याच खुश्रूनें पुलकेशीकडे पाठविलेल्या वकिलातीचें, असें जुन्या पुस्तकांत वाचावयास मिळतें. आज पुष्कळ विद्वान् ती गोष्ट मान्य करीत नाहींत.

६०२ मध्यें फोकास नांवाच्या एका कनिष्ठ अंमलदारानें फौजेच्या बंडाच्या जोरावर रोमी गादी बळकाविली. मॉरिसाचे पुत्र त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले, व मग त्याचाहि वध झाला. हें कळल्यावर उपकारकर्त्याचा सूड घेण्यासाठीं म्हणून खुश्रूनें रोमी मुलखावर स्वारी केली. मॉरिसाचा वडील मुलगा जिवंत आहे असें सांगून एका तरुणास त्यानें पुढें केलें. ६०४ मध्यें दारा पडलें. एथपर्यंत त्यास फारसा दोष देतां येत नाहीं. परंतु ६१० मध्यें हेराक्लियस ह्यानें फोकासास ठार करून राज्य घेतलें, तेव्हां ज्याचा सूड घ्यावयाचा तोच उरला नाहीं. हेराक्लियसानें तहाचें बोलणें लाविलें. खुश्रूनें तें झिडकारलें. ६१५ मध्यें आलेल्या वकिलांस तर त्यानें कैदेंत टाकलें. विजय हातीं येऊं लागला होता, आणि मॉरिसाचें नांव आतां कोणास पाहिजे होतें?

६१३ मध्यें दिमिष्क पडलें. ६१४ मध्यें शहरबराझ ह्या सेनापतीनें यरुशलेमेस वेढा दिला. सुमारें तीन आठवड्यांनीं तट फुटला व कत्तल झाली. मेलेल्यांची संख्या जुने लेखक निरनिराळी देतात. नगराबाहेर मामिल्ला येथें विसाव्या शतकाच्या अखेरीस एक गुहा उकरली, तींत शेंकडों माणसांच्या अस्थि दाटून भरलेल्या आढळल्या. त्या ह्याच कत्तलींतील असाव्या, असें संशोधक समजतात. धर्माध्यक्ष जखऱ्या व इतर पुष्कळ जण कैद होऊन इराणांत गेले. ख्रिस्ताचा वधस्तंभ म्हणून जें लांकूड तेथें जपून ठेविलें होतें तेंहि नेलें. तें खरोखर कोणतें होतें ह्याचा वाद येथें नको. त्या काळच्या मंडळ्यांस तो घाव आपल्याच घरीं पडल्यासारखा वाटला.

६१९ च्या सुमारास आलेक्झांद्रियाहि गेलें. मिसराचें धान्य थांबलें. कॉन्स्टँटिनोपलच्या लोकांस सरकारांतून मिळणारी भाकर बंद झाली. हेराक्लियसानें मंदिरांतील सोनेंरुपें वितळवून नाणीं पाडलीं व ६२२ मध्यें तो स्वतः मोहिमेवर निघाला. ६२६ मध्यें इराणी व आवार ह्यांनीं मिळून राजधानीस वेढा घातला. पण मध्यें समुद्र होता आणि इराण्यांस पलीकडे उतरतां आलें नाहीं. ६२७ च्या डिसेंबरांत प्राचीन निनवे नगराजवळ इराणी सैन्य मोडलें, आणि दस्तगिर्द येथील आपला राजवाडा सोडून खुश्रू पुन्हां एकदां पळाला.

ह्या खेपेस आश्रय देणारा कोणी मॉरिस नव्हता. शिरीनच्या पोटचा मर्दानशहा गादीवर बसावा अशी त्याची इच्छा होती. म्हणून वडील मुलगा शेरोय उठला. कटांत सरदार होते, यझ्दीनाचा एक मुलगाहि होता. ६२८ च्या फेब्रुवारींत खुश्रू कैद झाला. मर्दानशहास त्याच्या समोर मारलें, असें एका जुन्या बखरकारानें लिहिलें आहे. मग त्यासहि मारलें. शेरोयनें तह करून जिंकलेला मुलूख परत केला व कांहीं महिन्यांतच तोहि वारला. ६३० मध्यें हेराक्लियसानें तें लांकूड यरुशलेमेस परत नेलें. एक दशकहि लोटलें नाहीं तों तें नगर अरबांच्या हातीं गेलें, आणि इराणचें राज्य ६५१ पर्यंत पार नाहींसें झालें.