कुकसाहेब आणि राहून गेलेले वऱ्हाड

आमच्या बुलढाण्याकडची एखादी वनस्पती ओळखायची म्हटली, की मी थिओडोर कुक यांचा ग्रंथ उघडतो आणि दर वेळी थोडा हिरमुसतो. माणूस मूळचा इंजिनिअर. १८३६ मध्ये आयर्लंडात जन्मलेला, रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेला. वसईचा लोखंडी पूल त्यानेच बांधला. १८६५ ते १८९३ पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले; पण मन रमले ते रानात. वनस्पती वाळवून कागदावर डकवायची, खाली ठिकाण आणि तारीख लिहायची. हर्बेरियममधला असा कागद म्हणजे त्या झाडाचा साक्षीदारच. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून कुकसाहेबांनी अशा नमुन्यांवरून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. १९०१ ते १९०८ त्याचे भाग निघाले. १९१० मध्ये ते वारले.

त्या ग्रंथात शेजारचे खानदेश आहे, बुलढाणा नाही. वऱ्हाड इलाख्याबाहेर होते, एवढेच कारण. झाडांना कसली आली सरहद्द?

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ मध्ये पुण्यात आले आणि दिवाकर-शर्मा यांचा बुलढाणा जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ २००० मध्ये निघाला. मधल्या ९२ वर्षांत आमच्या माळांवरून काय नाहीसे झाले, हे आता कोणत्या कागदाला विचारायचे?