पाटीलबावा महादजी शिंदे

दिल्लीच्या जुन्या तटबंदीतील अजमेरी दरवाजाबाहेर पहाडगंज वसलेले आहे. या भागात आज नूतन मराठी विद्यालय आहे. परंतु मराठी माणसांचा दिल्लीशी संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. अठराव्या शतकात येथील बादशाही दरबाराचा कारभार एका मराठी सरदाराच्या हाती होता. ते सरदार म्हणजे महादजी शिंदे.

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. महादजींचे वडील राणोजी यांनी पेशव्यांच्या चाकरीत पराक्रम गाजवून सरदारी मिळवली. त्यांच्या पाच पुत्रांपैकी चौघांना मराठी राज्यासाठी प्राण द्यावे लागले. जयाप्पांची इ. स. १७५५ मध्ये नागोर येथे हत्या झाली. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. ज्योतिबा ओरछा येथे, तर तुकोजी पानिपतावर गेले. जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजी यांनाही पानिपतानंतर शत्रूने ठार केले.

त्याच युद्धात महादजींच्या पायावर घाव बसला आणि ते जन्मभर लंगडत राहिले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांचा जीव वाचवला. महादजींनी हे उपकार विसरले नाहीत. त्यांनी राणेखानाला भाऊ मानले आणि पुढे सेनापतिपदापर्यंत चढवले.

घराण्याच्या वारशाचा वाद काही वर्षे चालला. अखेर इ. स. १७६८ मध्ये सरदारी महादजींकडे आली. इ. स. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली जिंकली व पुढील वर्षी बादशहा शाहआलम यांना राजधानीत आणले. इ. स. १७८४ मध्ये बादशहाने ‘वकील-इ-मुतलक’ हे सर्वाधिकाराचे पद पेशव्यांना दिले. महादजी त्यांचे नायब म्हणून कारभार पाहू लागले.

हा अधिकार टिकवणे सोपे नव्हते. इ. स. १७८७ मध्ये लालसोट येथे महादजींना माघार घ्यावी लागली. ही संधी साधून गुलाम कादिर रोहिल्याने दिल्ली बळकावली आणि इ. स. १७८८ मध्ये बादशहाचे डोळे काढले. तेव्हा राणेखानाच्या नेतृत्वाखाली मराठी फौजेने दिल्ली सोडवली. अंध बादशहाला दूर सारून स्वतः सत्ताधीश होणे महादजींना अशक्य नव्हते. तरी त्यांनी त्याला पुन्हा गादीवर बसवले.

इ. स. १७९२ मध्ये बादशाही सनद व वस्त्रे घेऊन ते पुण्यास आले आणि तो मान त्यांनी सवाई माधवराव पेशव्यांना अर्पण केला. उत्तर हिंदुस्थानात एवढी सत्ता असूनही ते स्वतःला गावचा पाटील म्हणवीत. त्यावरूनच लोक त्यांना पाटीलबावा म्हणू लागले.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे निधन झाले. तेथे त्यांची छत्री आहे. त्यांच्यामागे तुकोजींचे नातू दौलतराव गादीवर आले. अवघ्या नऊ वर्षांत, इ. स. १८०३ मध्ये, इंग्रजांनी दिल्ली घेतली. महादजींनी किती मोठा भार एकट्याने पेलला होता, हे त्यावरून कळते.